राणी कोणाची?

कॅरम खेळताना बाबा जिंकायच्या बेतात आले, की हमखास स्ट्रायकर बाजूला ठेवून म्हणायचे, "थांबा जी, आधी नियमाचं बोलू." मग डाव तसाच राहायचा आणि पांढुर्ण्यातल्या आमच्या ओसरीवर अर्धा मोहल्ला भांडायला बसायचा. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथे दिवसभर मान खाली; घरी आले की त्यांना कंठ फुटायचा. आई करवादली, तर म्हणायचे, "हारजीत कोनाचीबी होते. नियमावर भांडून राहिलो, म्हणजे समोरच्याले बरोबरीचा मानून राहिलो."

ऐंशीनंतरची गोष्ट. माझं लग्न जुळत नव्हतं. एक स्थळ बाबांच्या जिभेपायी गेलं होतं. मग सौंसरचं आलं. मुलगा जामसांवलीच्या मंदिरात मला ओझरता दाखवला होता, आणि खरं सांगते, मला तो फार आवडला होता. पाहुणे यायच्या दिवशी आईने बजावलं, "पोरीचे बाप हाये तुमी. आज नुसतं हो म्हना."

पोहे होईपर्यंत मुलाच्या वडिलांनी कॅरम मांडायला लावला. बाबा शहाण्यासारखे हरत होते. तेवढ्यात पाहुण्यांनी राणी घेतली. पण ती कव्हर करायला, म्हणजे झाकायला, मारलेल्या सोंगटीबरोबर त्यांचा स्ट्रायकरही भोकात गेला.

"दंडाची गोटी वापस लावतो. राणी माझीच," पाहुणे म्हणाले.

"लावा ना जी," बाबा म्हणाले. आईचा जीव भांड्यात पडला. पण बाबांना राहवेना. "पन राणीबी वापस लावा लागते."

"आमच्या सौंसरात नाई लागत."

"बोर्ड पांढुर्ण्यात हाये जी! गोटी बाहेर आली, तर राणी उघडीच पडली ना?"

"पन एकदा तं झाकली होती!"

झालं! आईने कपाळाला हात लावला. दाराआड मला रडू फुटलं. पोहे गार झाले, सौंसरची बस निघून गेली, तरी दोघं मागे हटेनात.

अखेर पाहुणेच थांबले. "इतक्या घरी जाऊन आलो जी. मी चूक बोललो तरी सारे मान डोलावते. मानसं कशी हायेत, समजतच नाई." मग त्यांनी मला बोलावलं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळी उत्तरं मी घोकून ठेवली होती.

"तू सांग बाई, राणी कोनाची?"

आई डोळ्यांनी विनवत होती, त्यांचीच आहे म्हण.

"वापस लावा लागते, काकाजी," मी म्हणाले. "दंड भरला, तं कव्हर कुठं उरलं?"

"असं कसं?" म्हणत माझे सासरे, कारण तेव्हापासून ते माझे सासरेच, पुरते माझ्याकडे वळून बसले आणि माझ्याशी हमरीतुमरीवर आले. मीही सोडलं नाही. बाबा मात्र रंगलेल्या भांडणात आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिले, आणि डोळे पुसत आमचं ऐकत बसले.