बाकावरची टकटक

लाकडी बाकावर बोटाचं पेर आपटलं की जो कोरडा, निःशंक ध्वनी उमटतो, तो माझ्या कानांना कुठल्याही मंजुळ स्वराहून प्रिय होता. कांदिवलीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासची ती रीतच होती: मी वाक्य वाचायचं आणि चूक कानी पडताक्षणी मुलांनी बाकावर टकटक करायची. कर्ता-कर्माची अदलाबदल होऊन पुलाने मंत्र्यांचं उद्घाटन केलं की टकटक. अर्थाचा विपर्यास होऊन रुग्णानेच डॉक्टरला बरं केलं की टकटक! सत्याला इतकं साधं, इतकं निर्भय वाद्य दुसरं कुठलं असेल?

त्या वाद्यावर दर्शनाची हुकमत होती. मनोरीच्या कोळी घरातली ही मुलगी फेरीबोटीने मार्व्याला उतरून क्लासला यायची. आईबरोबर मासळी विकायला तिची ना नव्हती. पण आपली म्हणावी अशी ऑफिसातली एक खुर्ची तिला मनापासून हवी होती. मी वाक्य पुरतं उच्चारायच्या आत तिचं बोट बाकावर आपटलेलं असायचं.

वांद्र्याच्या एका बड्या कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहिण्याची नोकरी निघाली. लेखी परीक्षेत दर्शना पहिली आली. मुलाखतीत मधोमध बसलेल्या साहेबांनी ऐटीत एक इंग्रजी वाक्य फेकलं. त्यांना म्हणायचं होतं, उमेदवाराने तक्रारी दूर कराव्यात. वाक्यातून निघालं, तक्रारींनी उमेदवाराला दूर करावं. आणि तिच्या बोटाने, तिला न विचारता, काचेच्या टेबलावर टकटक केली. शेजारचा एकजण खुदकन हसला, साहेबांचा चेहरा उतरला आणि मुलाखत तिथेच संपली.

मला सांगायला आली तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती.

“सर, वाक्य चुकलं होतं की नाही? खरं सांगा ना.”

“चुकलं होतं गं.”

“मग बाहेर मी का?”

मला संताप आला, अजून येतो. चूक करणाऱ्याची खुर्ची शाबूत राहावी आणि ती ऐकणारीची हुकावी, हा कुठला न्याय? इतकी वर्षं मी मुलांचे कान तयार केले. कोणाच्या चुका ऐकू यायच्या नसतात, हे मात्र माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आता आहे. नव्या तुकडीला मी सांगून ठेवलंय, हात मांडीवर ठेवा, चूक मनातच ओळखा. पोरं गुणी आहेत, ऐकतात. काल वाक्य वाचलं. पुलाने पुन्हा मंत्र्यांचं उद्घाटन केलं. मी थांबलो, वाट पाहिली. सगळी शहाण्यासारखी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.