जीपचे धक्के

माझ्या वहिनीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला आणि त्याचं खापर आईनं जीपवर फोडलं. दारव्ह्याच्या बाजारला वहिनी काळी-पिवळी जीपच्या मागच्या बाकावर बसून गेली होती, एवढं कारण आईला पुरलं. तेव्हापासून वहिनी ना बाजारला गेली, ना माहेरी. आईच्या बोलण्याहून मला वहिनीच्या खाली घातलेल्या मानेचा जास्त राग यायचा.

दिवाळीत मी पुण्याहून घरी आले. मी काम करते त्या प्रयोगशाळेत मूळपेशींपासून गर्भासारखे बारीक गोळे वाढवतात. त्यांचं बाळ होत नाही. पोटात अगदी सुरुवातीला काय घडतं, जे कुणालाच बघता येत नाही, ते त्यांच्यावरून थोडंफार कळतं. ओसरीवर कापसातला कचरा वेचता वेचता मी दोघींना मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवले.

"याच्यात जीव आहे काय?" आईनं विचारलं.

"पेशी जित्या आहेत, पन बाळ नाही हे."

"अन् हे फुटल्यासारखं?"

"ते मोडलं. एकच डिश, एकच खानं, एकच ऊब. तरी काही वाढते, बरेच मोडते."

"काहून?" वहिनीनं मान वर केली.

"तेच शोधून राह्यलो आम्ही. पुरं नाही समजलं अजून."

"एवढं शिकून नाही समजलं म्हन्ते!" आई हसली.

वहिनी हसली नाही. "तुमच्या डिशीत जीप तं नसन ना, ताई?"

मी मोबाइल खाली ठेवला. तिचं बाळ नेमकं कशानं गेलं, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हते. पण जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "नाही. बहुतेक वेळा गर्भातच सुरुवातीपासून काही चुकलेलं असते. जीपच्या धक्क्यानं नाही जात तो."

वहिनी कापूस हातात धरून रडली. तिच्यावरचं ओझं उतरलं म्हणून मला बरं वाटलं. आता आईचं उलट उत्तर येणार म्हणून मी कंबर कसून बसले.

आई एकच बोंड केव्हाची चिवडत होती. मग हळूच म्हणाली, "तुह्या आधी एक होतं. मी भरला हंडा उचलला म्हनून गेलं, असं तुही आजी म्हने. मंग ते हंड्यानं नव्हतं गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी तिच्याजवळ सरकली.

"नाही, आई. हंड्यानं नाही गेलं."