दिनकर आणि ऑलिव्हचे रिकामे वर्ष

"काका, बाबा गेले," एवढेच दिनकरची मुलगी केतकी फोनवर म्हणाली. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. उरलेला उपसला आणि मग गाडी काढली. दिनकर दोन रस्ते पलीकडे राहायचा. या गोष्टीला सहा आठवडे झाले. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी मंडळात त्याच्याविषयी बरेच बोलले गेले. तो प्रेमळ होता, गाणे चांगले म्हणायचा, वगैरे. ते खरे असेल. मला सांगायचे आहे ते निराळे आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडून ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारी लहानशी कंपनी काढली होती. दिनकर जळगावचा, केळीच्या बागांत वाढलेला. ट्युनिशियाचा बाजार त्यानेच शोधला. स्फॅक्स शहराभोवती नजर पोहोचेल तिथवर ऑलिव्हची झाडे. तिथला आमचा विक्रेता हबीब हा तेलाच्या गिरणीचा मालक. पहिल्या भेटीत दिनकरने कॅटलॉग बॅगेबाहेरही काढला नाही; तीन दिवस गिरणीत बसून राहिला. शेतकरी फळे आणत, चहा पीत, भाव ठरेपर्यंत हलत नसत. मी वैतागलो. "अरे, आपण सेल्ससाठी आलोय की पाहुणचाराला?"

"तू हॉटेलवर जाऊन रिपोर्ट वाच. मला इथे जास्त कळतंय."

त्याला कळले ते असे. ऑलिव्हचे झाड एक वर्ष भरभरून फळते, दुसऱ्या वर्षी जवळजवळ रिकामे राहते. फळत्या वर्षी तिथे लग्ने होतात, घरावर मजला चढतो, यंत्रे येतात. रिकाम्या वर्षी शहाणा माणूस शब्द देत नाही. कारण दिलेला शब्द मोडला तर गिरणीत त्याच्याशेजारी कोणी बसत नाही. शिवाय परदेशी माल मागवायला परकीय चलन लागते, आणि तेल बाहेर गेल्याशिवाय ते येणार कुठून...

पुढचे वर्ष रिकामे निघाले. हबीबची ऑर्डर नाही, पत्राला उत्तर नाही. असे सहा महिने गेले. दिनकर बायपासनंतर घरी पडून होता. त्याला न विचारता मी कंपनीच्या नावाने हबीबबरोबरचा करार रद्द केल्याची नोटीस पाठवली. सांगितले तेव्हा तो उठून बसला. "तू रत्नागिरीचा ना रे? तुझ्या वडिलांच्या हापूसला दर वर्षी मोहोर यायचा?"

येत नसे. मोहोर नसलेल्या वर्षी वडील कोणाकडे जेवायलाही जात नसत. हे पाहिलेल्या माणसाने शिकागोत तीस वर्षे तिमाही अहवाल लिहावेत आणि तेवढेच विसरावे...

पुढच्या हंगामात झाडे वाकली. हबीबने दुसऱ्या कंपनीचा माल घेतला, आणि दोन वर्षांत आम्ही दुकान आवरले. दिनकरने दोष दिला नाही. 'माझे चुकले' असे मीही म्हणालो नाही. त्यानंतर वीस वर्षे आम्ही दर शनिवारी बरोबर फिरायला गेलो. ते वाक्य जमले नाही. शेवटच्या शनिवारी, हॉस्पिटलमध्ये, मी त्याला हवामान सांगितले.

परवा केतकीने बेसमेंटमधले त्याचे टेबल आवरायला बोलावले. "बाबा दर नोव्हेंबरला इथून हबीब अंकलना कॉल करायचे. हाफ फ्रेंच, हाफ मराठी, आणि दोघं हसायचे. तुम्हाला माहीत होतं ना, काका?"

माहीत नव्हते. नंबर टेबलावर चिकटवलेला होता. मी फोन लावला आणि बातमी सांगितली. मग मी म्हणालो, "ती नोटीस मी पाठवली होती. दिनकरने नाही."

"नाही, नाही," हबीब मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "त्यानेच पाठवली. आजारपणात डोके ठिकाणावर नव्हते, म्हणाला. दर वर्षी माफी मागायचा. मी म्हणायचो, पुरे आता, झाडे कशी आहेत ते विचार."

मी त्याला पुन्हा सगळे सांगितले. सावकाश, पहिल्यापासून.

दिनकर बुटका होता. त्याची खुर्ची मला ठेंगणी पडते, गुडघे टेबलाला लागतात. केतकी ती देऊन टाकणार होती. मी राहू दे म्हणालो. नोव्हेंबरला मला तिथे बसायचे आहे.