सासऱ्यांनी गुंडाळलेली नळी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पहिला एसी आमच्याकडे आला, आणि तो बिघडलेला आला. नवऱ्याच्या ऑफिसने निकालात काढलेला, खिडकीत बसवायचा तो अवजड खोका चौघांनी मिळून दुसऱ्या मजल्यावर चढवला. चालू केला की पंखा फिरायचा, पण गारवा नावाला नाही. "थर्मोस्टॅट गेलाय म्हणतात, मेकॅनिक बोलावू या," असं नवरा म्हणाला मात्र, माझे सासरे खुर्चीतून ताडकन उठले. "मेकॅनिक कित्याक? मी काय मेलंय?"

सासरे गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी काही उघडली नाही आणि ते घरी बसले ते बसलेच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना एक तर पेपर वाचताना पाहत होते, नाही तर गॅलरीतून रस्त्याकडे बघताना. आता पलंगाखालची हत्यारांची पेटी बाहेर आली. नव्या थर्मोस्टॅटसाठी नवऱ्याला लॅमिंग्टन रोडला पिटाळलं गेलं. कुठल्या रंगाची वायर कुठे जाते हे त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर टिपून घेतलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा एसी गार हवा सोडत होता आणि सासरे चक्क शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे सासूबाईसुद्धा विसरून गेल्या होत्या.

तेवढ्यावर थांबतील तर ते सासरे कसले! तसेच भांडुपला गेले आणि गिरणीतल्या चार जुन्या सोबत्यांना सांगून आले, उद्या सोनं द्यायला याल तेव्हा माझं मशीन बघून जा.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही उठलो ते घामाने. पंखा घरघरत होता, हवा मात्र येत नव्हती. नवऱ्याने समोरची जाळी ओढून काढली तर आत पांढराशुभ्र बर्फ. थोड्या वेळाने तो वितळून पाणी थेट गादीवर ठिबकायला लागलं. सासूबाई परात घेऊन धावल्या आणि म्हणाल्या, "पंखो काय वायट होतो?"

सासरे गोंधळले. आधी त्यांनी गॅस गेला म्हटलं, मग व्होल्टेजवर घसरले. नवऱ्याने फिल्टर धुतला. बटण गरगरा फिरवून पाहिलं. काही नाही. त्यात पंचाईत अशी की पेटीतली सगळी हत्यारं पाटावर मांडून, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहून सासऱ्यांची पूजा आटोपलेली. "आज हत्यारांका हात लावूचो नाय," ते म्हणाले, "उद्या बघू." पण बोलताना त्यांची नजर घड्याळाकडे होती. संध्याकाळी सोबती येणार होते.

आता माझं सांगते. मी तेव्हा भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात फ्रिजचे थर्मोस्टॅट जुळवायचे. आमची तपासणी सोपी. थर्मोस्टॅटला तांब्याची केसासारखी बारीक नळी असते, तिच्यात गॅस भरलेला. नळीचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि कान द्यायचा. टक वाजलं की माल पास. गारवा पुरेसा झाला की ती नळीच आतलं यंत्र थांबवते. आणि आमच्या एसीतून काल संध्याकाळपासून एकदाही टक आलं नव्हतं.

म्हणजे मला कळलं होतं. पण बोलायचं कसं? इतक्या वर्षांनी या माणसाच्या हातात मशीन आलं होतं, तो शीळ घालत होता, आणि आठ महिन्यांपूर्वी घरात आलेली मी त्याला सांगणार की तुमचं चुकलं? न बोलावं तर संध्याकाळी चार सोबत्यांसमोर शोभा.

शेवटी विचारलं, "बाबा, ती तांब्याची बारीक नळी कुठे ठेवलीत?"

"गुंडाळून ठेवलंय, बटनाच्या डब्यात, येकदम झकास," ते अभिमानाने म्हणाले. "चालत्या मशिनीकडे लोंबता काय ठेवूचा नाय. गिरणीत पयलो नियम ह्यो."

खरंच होतं ते. गिरणीत लोंबतं राहिलेलं पट्ट्यात अडकतं आणि माणसाचा हात जातो. जुन्या थर्मोस्टॅटची नळी तुटून लोंबकळत होती, ती त्यांना कुणाचा तरी गबाळेपणा वाटली होती. म्हणून नवी त्यांनी छान वेटोळं करून बंद डब्यात ठेवली, जिथे गार हवा पोचणारच नाही.

मी एका दमात सांगून टाकलं. वायरी सगळ्या बरोबर आहेत, फक्त नळीचं टोक हवेत पाहिजे. तिला गारवा कळलाच नाही, म्हणून मशीन थांबलं नाही आणि बर्फ झाला.

सासरे उठले. गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. मला रडू यायचं बाकी होतं. नवरा कुजबुजला, "अगं, जरा गोड करून सांगायचं ना!" म्हटलं, "मग तू सांगायचंस, यार."

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्या हातात चमचा ठेवला. "हो काय पूजेत नाय. घे, खोल." मग गॅलरीकडे तोंड करून मोठ्याने, "बॅटरी कोण धरतला?"

सासरे वळले. बॅटरी घेऊन माझ्याशेजारी उभे राहिले. प्लग काढलेला आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. चमच्याच्या दांड्याने मी स्क्रू काढला, नळी हलक्या हाताने उलगडली आणि तिचं टोक जाळीमागे, थंड पत्र्यांना लागणार नाही असं, सासूबाईंच्या केसांच्या आकड्याने अडकवलं. बर्फ पुरता वितळेपर्यंत जेवणं झाली. मग एसी चालू करून आम्ही चौघं त्याच्यासमोर पलंगावर बसलो. खोली गार होत गेली. सासूबाईंनी पदर अंगभर घेतला.

आणि, टक!

नवऱ्याने टाळी वाजवली. सासरे म्हणाले, "गप! परत चालू होता काय बघूक होया." दहा मिनिटांनी पुन्हा टक, आणि यंत्र सुरू. तेव्हा कुठे ते हसले.

संध्याकाळी सोबती आले, आपट्याची पानं दिली-घेतली, एसीसमोर दाटीवाटीने बसले. एकजण म्हणाला, "वा रे फिटर! अजून हात चालता तुझो." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. सासऱ्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर मी जन्मभर कुणाला काही सांगितलं नसतं. खरंच सांगते, मनातून मला तेच हवं होतं.

"मी बिघडवलंय," ते म्हणाले. "सुनेन चालू केल्यान."

चौघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला, नवऱ्याकडे दिला आणि त्याला म्हणाले, "चाय तू वाट." मग पलंगावर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "बस हय. ह्या नळयेक थंडी कशी कळता, ता आमका सांग. सावकाश सांग, माका सकाळी पुरता कळूक नाय."

पाच म्हातारे फिटर कान टवकारून बसले. आणि मी सांगायला लागले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.