बादशहाचे तडे

मी पोचले तेव्हा गाड्यांच्या काचांचे तडे भरणारे सलीमभाई एका जुन्या वाडग्यावर रेझिन भरायची सुई रोखून बसले होते.

"थांबा!" मी दारातूनच ओरडले.

"मॅडम, सब भर देता. लाईन दिखेगीच नहीं," ते म्हणाले.

मी सिरॅमिक कॉन्झर्व्हेटर आहे. म्हणजे जुनी चिनी मातीची भांडी तपासते, जपते. मला बोलावलं होतं वसंतरावांनी. मूळचे देवगाव रंगारीचे, आता सिडकोत राहतात. हा वाडगा त्यांच्या आजोबांना निजामाच्या एका सरदारानं दिलेला. रंग राखाडी-निळसर, बुडाशी चिनी बादशहाचा शिक्का आणि अंगभर तड्यांचं बारीक जाळं.

"सुनेनं फोडलं," त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या. "लई वर्षं चांगलं होतं. दिवाळीला हिनं घासलं, अन् हे असं."

सून शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बँकेत ऑफिसर आहे. पण दिवाळीपासून घरात तिला काचेला, कपबशीला हात लावायची बंदी होती. चहासुद्धा स्टीलच्या फुलपात्रातून.

मी भिंग लावून वाडगा नीट पाहिला. "काकू, हा फुटलेला नाही. भांड्यावर काचेसारखा थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. भट्टीतून निघाल्यावर तो आतल्या मातीपेक्षा जास्त आकसतो आणि तडकतो. कारागिरांनी हे मुद्दाम केलंय. वरचा तेलकट मळ निघाला, म्हणून तुम्हाला आत्ता दिसलं."

"बादशहाला तडकलेलं भांडं दिलं?" वसंतराव म्हणाले. "अन् त्यानं ठेवून घेतलं?"

"हौसेनं बनवून घेतलं."

शांताबाईंना पटेना. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फ्रिजमधली बाटली आणून वाडग्यात रिकामी केली. "गळतंय का बघू."

सगळे वाकून बसलो. सलीमभाईसुद्धा. थोड्या वेळानं वाडग्याच्या बाहेरून थेंब दिसायला लागले.

"गळलं!" शांताबाईंनी टाळी वाजवली. शीतलचा चेहरा उतरला.

"अहो, थंड पाण्यानं भांड्याला बाहेरून घाम येतो," मी म्हटलं. कोणी ऐकेना. शेवटी शीतल आत गेली, आपलं फुलपात्र घेऊन आली आणि त्यात फ्रिजचंच पाणी ओतलं. पुन्हा सगळे वाकलो. फुलपात्रालाही घाम फुटला.

वसंतरावांनी बायकोकडे पाहिलं. "आता हे पण हिनंच फोडलं म्हण."

शांताबाईंनी फुलपात्रावरून बोट फिरवून पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, "चहा टाक सगळ्यांना. तुझा पण कपातच घे."

शीतल आत गेली. मी वाडगा रिकामा केला, मऊ कापडानं टिपला आणि कपाटात ठेवला. शांताबाईंनी आत हाक दिली, "अन् शीतल, तो वाडगा परत घासू नको बरं. बादशहाचे तडे हायेत, निघून जायचे."

सलीमभाईंनी सुई डब्यात ठेवली आणि चहाला थांबले.

तेव्हापासून रिपोर्टमध्ये मी 'तडे' लिहीत नाही, 'नक्षी' लिहिते. तडा म्हटलं की लोक भांडं बाजूला ठेवून आधी माणूस शोधतात.