नुसते ओठ चालत न्हाईत

माझ्या भीमगीतांचे व्हिडिओ भोकरदनचा एकच माणूस काढतो. बोलावतो सकाळी आणि कॅमेरा लावतो ऊन डोक्यावर आल्यावर. यंदाचं गाणं जालन्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं होतं. धावडा गावच्या शेतात मला फक्त ओठ हलवायचे होते, पण हा दर ओळीला थांबवायचा.

"ताई, नुसते ओठ हलवून राह्यल्या तुम्ही. खरंच गा ना, मोठ्यानं! गळ्याची शीर दिसली पाहिजे, बराबर?"

"अहो, गायलेय ना मी एकदा!" मी वैतागले. बांधावर बाया जमल्या होत्या, पदराआड हसत होत्या. त्यांच्यापुढं एकटीनं काय बोंबलायचं?

त्यानं एकदा बांधाकडं पाहिलं. मंग कॅमेरा चालूच ठेवून स्पीकर वाढवला आणि डोळे मिटून स्वतःच गायला लागला, भसाड्या आवाजात, बिलकुल बेसूर. बाया त्यालाच हसायला लागल्या, माझ्याकडं कुणी पाहीना. माझ्या गाण्याची ती दशा मला ऐकवेना. त्याचा आवाज दाबायला म्हणून मी खच्चून गायले.

"झालं!" त्यानं डोळे उघडले. "आता दुसरं कडवं, जल्दी."

पाणीसुद्धा विचारलं न्हाई मेल्यानं.