मापात बसलेली पँट

आमचे हे शिंपी होते. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाची कॉलर वाकडी दिसली तरी यांचं डोकं उठायचं. मग स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचं तर विचारूच नका. "माझ्याच अंगावर कपडा लोंबायला लागला, तर गिऱ्हाईक कापड टाकेल का माझ्याकडे?" असं म्हणायचे. मी म्हणायची, "गिऱ्हाईक तुमच्या कपड्याला नाही, गोड बोलण्याला भुलतं. ते जरा घरीही आणत जा." त्यावर नुसते हसायचे.

पोट मात्र यांचं लग्नाच्या आधीपासूनच रुसलेलं. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग पडला की पोटात कळा सुरू. कधी सकाळपासून चार-चार फेऱ्या, कधी दोन दोन दिवस काहीच नाही आणि पोट तट्ट फुगलेलं. जाऊन आले की बरं वाटायचं, आणि काम ओसरलं की दुखणंही ओसरायचं. शेवटी मीच धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, शौच तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं. काही निघालं नाही. "इरिटेबल बॉवेल म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. "आतडं दिसायला ठणठणीत आहे, पण हळवं आहे. त्रास खरा आहे, जिवाला धोका नाही."

माझा जीव भांड्यात पडला. धाकट्या भाऊजींना काय, थट्टेला विषयच मिळाला. "एवढी दुर्बीण घातली आणि काहीच नाही? दादा, शिंप्याच्या पोटात निदान एखादी सुई तरी निघायची!" सगळे हसले. हेही हसले, पण ते यांना फार लागलं. त्यानंतर कितीही दुखलं तरी चारचौघांत यांनी पोटावर हात म्हणून ठेवला नाही.

निघताना डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावली होती. "या आजारात रक्त पडत नाही, वजन उतरत नाही, आणि गाढ झोपेतून उठून जावं लागत नाही. असं काही दिसलं तर जुनंच दुखणं म्हणून तीच गोळी देत बसू नका. आतड्याला सूज असेल, गाठ असेल, काहीही असेल. तडक घेऊन या." मी ते मनात कोरून ठेवलं. वजनाचा काटा काही आणला नाही. म्हटलं, हवा कशाला? या माणसाचे कपडे इतके मापाचे, की जरा उतरला तर पँटच सांगेल. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला!

मधली कितीतरी वर्षं तशीच गेली, दुखत आणि थांबत. मग एका हंगामात हे बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. "दुकानातून उशिरा येतो, तुझी झोप मोडते," म्हणाले. चेहरा उतरलेला दिसत होता, पण हंगामात तो दरवर्षीच उतरायचा. मी रोज सकाळी दारात उभी राहून यांची कंबर बघायची. पँट अगदी चापूनचोपून बसलेली. धुणं आणि इस्त्री यांची यांनीच करायची, आमची इस्त्री साहेबांना पसंत नव्हती.

"पोट कसं आहे?" मी विचारायची.

"आहे आपलं जुनंच."

एका दुपारी कापड बेतता बेतता हे टेबलावरच कोसळले. भाऊजींनी उचलून इस्पितळात नेलं. मी पोचले तेव्हा नर्सबाई यांना काट्यावर उभं करत होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, मग आमच्या जुन्या कागदांवरचा पाहिला आणि म्हणाल्या, "वजन खूपच उतरलंय. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी तडकलेच. "काटा बिघडलाय तुमचा! अहो, ही पँट बघा ना. तीनेक वर्षांपूर्वीची आहे. कुठं बोटभर तरी सैल झालीय का?"

हे काट्यावरून उतरले, भिंतीला धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "काटा बरोबर आहे गं. मीच आवळत गेलो."

मग बाईंनी एकेक विचारलं आणि यांनी एकेक सांगितलं. कित्येक महिने रक्त पडत होतं. मूळव्याध असेल, बसून काम आहे, असं यांनीच ठरवून टाकलं होतं. रोज पहाटे कळ येऊन झोप मोडायची, म्हणून तर बाहेरच्या खोलीत पथारी. "का नाही सांगितलंत हो?" मी सगळ्यांसमोर ओरडले. म्हणाले, "पुन्हा सगळं तपासायचं आणि पुन्हा काही निघायचं नाही. किती हसं करून घ्यायचं?" भाऊजी तिथेच उभे होते. ते तोंड फिरवून बाहेर गेले.

या वेळी मात्र निघालं. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. बाई माझ्याशी फार मायेनं बोलल्या. जुन्या दुखण्याचं हे झालेलं नाही, म्हणाल्या. ते वेगळं होतं, हे वेगळं आहे, दोन्ही एकाच पोटात आली. लवकर कळलं असतं तर कापून काढता आली असती. मला खूप राग आला. यांचा आला, भाऊजींचा आला, माझा स्वतःचा आला. राग धरायला तरी वेळ हवा ना? पाऊस सुरू झाला, शाळा उघडल्या, मुलं यांनी शिवलेले गणवेश घालून आमच्या दारावरून जायला लागली, आणि हे गेले.

कपडे पडून राहिले. भाऊजींचा बांधा पूर्वीच्या यांच्यासारखाच. म्हटलं, वापरतील तरी. पण कंबर कशी पुरणार? बघू या म्हणून एक पँट घेऊन मागची शिवण उसवायला बसले.

गिऱ्हाइकाची पँट आवळायची झाली, तर हे जास्तीचं कापड कात्रीनं उडवून टाकायचे. ठेवलं तर शिवण जाड होते आणि बसताना बोचते, असं मला कितीदा तरी सांगितलेलं. या पँटीत टिपेच्या आत टीप, टिपेच्या आत टीप घातली होती, आणि कापड सगळं आत दुमडून ठेवलेलं होतं. मी दुसरी उसवली, तिसरी उसवली. एकाही पँटीचं कापड कापलेलं नव्हतं. त्या दुखऱ्या अंगाला ती जाड शिवण दिवसभर बोचत असणार, तरी कापलं नव्हतं.

पुन्हा अंग भरेल आणि पँटी सैल कराव्या लागतील, असं यांना वाटत होतं हो.